३०५५ पुन्हा पुन्हा का उडत होता

गिटारचा जुना ट्रान्झिस्टर अँप (अँप्लिफायर) दुरुस्तीला आला की सोबत एक ठरलेलं वाक्य येतं, "विशेष काही नाही रे, फक्त फ्यूज उडतो." मित्राच्या काकांनीही तेच ऐकवलं. वर एक माहिती जोडली, आणि मला खरं कुतूहल वाटलं ते तिचं. "दर वेळी ट्रान्झिस्टर बदलून देतात. दोन-चार कार्यक्रम नीट होतात, की परत तेच."

काका १९८०च्या सुमारास गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवायचे. अँप त्याच काळातला. काळं रेक्झिन चढवलेली प्लायवूडची पेटी, बारा इंची स्पीकर, दोन इनपुट, व्हॉल्यूम, बास, ट्रेबल आणि ट्रेमोलोच्या, म्हणजे आवाज लाटेसारखा कमी-जास्त करण्याच्या, दोन नॉब. कंपनीचं नाव कुठेच नाही. बाहेरचा अँप तेव्हा कस्टम ड्यूटीसकट कोणाला परवडणार! तेव्हा असे अँप ओळखीच्या माणसाकडून बांधून घेतले जायचे. हा ज्याने बांधला तो आता कुठे असतो हे काकांना माहीत नाही. म्हणजे सर्किटचा कागद मिळण्याची आशाच सोडायची.

मला असे निनावी अँप आवडतात, कारण आतलं सगळं ओळखीचं असतं. आउटपुटला, म्हणजे स्पीकर हलवायला, दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर, त्यांना चालवायला ड्रायव्हर म्हणून एसएल१०० आणि एसके१००, त्याआधी बीसी१४८. त्या काळात आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कोणालाही हे नंबर झोपेतून उठवून विचारा. ३०५५ मूळचा अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचा, १९६०च्या दशकातला. दोन पायांचा धातूचा जाड डबा, कागदावर ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॉट. इतका दणकट ट्रान्झिस्टर पंचवीस-तीस वॉटच्या अँपमध्ये पुन्हा पुन्हा मरतो, याचा अर्थ त्याला कोणीतरी मारतंय. तो कोण हे कळल्याशिवाय नवा बसवायचा नाही, एवढं ठरवून पेटी उघडली.

फ्यूजच्या होल्डरमध्ये फ्यूज होता, पण त्याच्याभोवती तांब्याच्या वायरचे वेढे मारलेले. असा फ्यूज जन्मात उडत नाही, मग ट्रान्सफॉर्मर जळतो. तो काढून फेकला आणि एक अँपिअरचा नवा घातला. मेनची वायर दोन पिनची, लाल-काळी, कापडी वेष्टणाची. वर मेनमधून चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेला एक छोटा कंडेन्सर, खरखर कमी व्हावी म्हणून. अर्थिंग नाही, त्यामुळे त्या कंडेन्सरमधून येणारी गळती चॅसीवर, चॅसीवरून गिटारच्या तारांवर आणि तिथून काकांच्या बोटांत. माइकला ओठ लागले की झिणझिण्या यायच्या, तर त्यावर त्यांनी माइकला स्पंजची टोपी चढवून इलाज केला होता! तो कंडेन्सर काढला, तीन कोअरची वायर आणली, हिरवी-पिवळी थेट चॅसीच्या बोल्टला घट्ट आवळली. हे काम झाल्याशिवाय मी अशा अँपमध्ये दुसरं काहीच करत नाही.

पुढची तयारी म्हणजे सिरीज लॅम्प. मेनच्या फेजमध्ये १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि अँप वाचतो. सगळं ठीक असेल तर कंडेन्सर भरेपर्यंत क्षणभर चमकतो आणि मंदावतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, तारेचाच लागतो. तो हल्ली दुकानात सहजी मिळत नाही, म्हणून माझ्याकडे चार-पाच जपून ठेवलेत. अँप लावला, बल्ब पूर्ण तेजाने पेटला. दोन्ही ३०५५ काढले, परत लावला, बल्ब मंदावला. एका ३०५५चे कलेक्टर आणि एमिटर, म्हणजे करंट आत घेणारं आणि बाहेर सोडणारं टोक, आतून एकमेकांना चिकटलेले होते, मीटरवर शून्य. त्याने जाताना एसके१०० आणि ०.४७ ओहमचा एक वायरवाउंड रेझिस्टरही सोबत नेला होता. इथवर कोणीही पोचतो. आधीचे कारागीरही इथपर्यंतच आले असणार, कारण बदललेला ट्रान्झिस्टर प्रत्येक वेळी हाच.

मग मी सर्किट काढायला बसलो. पीसीबी, म्हणजे तांब्याच्या ट्रॅकची पाटी, घरीच कोरलेला, ट्रॅक ब्रशने रंगवलेले, कुठे जाड कुठे बारीक. मागून टेबल लॅम्प धरला की ट्रॅक आरपार दिसतात. मूळच्या माणसाचं काम काळ्या पेनने आणि नंतरच्या हातांचं लाल पेनने काढत गेलो. ओळखणं अवघड नसतं. मूळचा सोल्डर फिका, सपाट, कमी. नंतरचा ढेकळासारखा, आजूबाजूला जळका फ्लक्स. चित्र पूर्ण झालं तेव्हा मूळ सर्किट बघून बरं वाटलं. एकच सप्लाय, सुमारे ५० व्होल्टचा. दोन्ही ३०५५ एकावर एक, त्यांच्या मधला बिंदू सप्लायच्या निम्म्यावर, आणि तिथून २२०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून स्पीकर. ३०५५ एनपीएन जातीचा, आणि त्या काळी त्याला शोभेल असा पीएनपी, म्हणजे उलट्या दिशेने चालणारा, जोडीदार सहज मिळत नसे, म्हणून खाली-वर दोन्ही एनपीएन घालायचे आणि उलटसुलट काम ड्रायव्हरच्या जोडीवर सोपवायचं, ही त्या काळातली रीत. स्पीकर इतक्या स्फोटांतून वाचला तो त्या २२०० मुळे. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी डीसी कंडेन्सरपलीकडे जात नाही.

लाल पेनने काढलेल्यात एक जागा खटकली. ड्रायव्हरच्या बेसमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टरला हुकूम देणाऱ्या टोकात, दोन डायोड सिरीजमध्ये होते, बायस देणारे, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट किंचित चालू ठेवणारे. त्यांचे पाय चांगले लांब, त्यांवर प्लास्टिकची नळी चढवलेली, आणि दोघंही पीसीबीवरून हवेत उभे. हवेत उभं राहायला कोणी नळ्या चढवत नाही. मग हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, बघितला. दोन ३०५५च्या बरोबर मध्ये एक छोटं भोक, रिकामं, आणि त्याच्या कडेला वाळून खडखडीत झालेली पांढरी पेस्ट.

ट्रान्झिस्टर तापला की त्याला चालू व्हायला लागणारा बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो. बायस तेवढाच राहिला तर करंट वाढतो, करंट वाढला की ट्रान्झिस्टर आणखी तापतो, आणि हे चक्र थांबायचं नाव घेत नाही. म्हणून बायसचे डायोड हीटसिंकमध्ये खोचायचे. ते सोबत तापतात, त्यांचाही व्होल्टेज उतरतो आणि बायस आपोआप खाली येतो. मंडपात मागे कनात, वारा नाही, दोन तास अँप फुल. हीटसिंक ८० अंशांवर आणि डायोड बाहेरच्या ३० अंशांत असतील तर फरक १०० मिलिव्होल्टचा. तेवढ्यात २० मिलिअँपिअरचा करंट शंभराच्या पार जातो आणि पुढची वाट उतरणीची. मूळच्या माणसाने हे ओळखून भोक पाडलं होतं. पुढे कधीतरी ट्रान्झिस्टर बदलताना हीटसिंक सुटा केला, डायोड भोकातून निघाले, आणि परत बसवताना त्यांचं काय करायचं हे न कळल्याने ते तसेच राहिले. पहिला ३०५५ कशाने गेला देव जाणे. पण त्यानंतरचा प्रत्येक मृत्यू त्या पहिल्या दुरुस्तीतला.

आता सामान. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. ३०५५ मागितला की समोरून सरळ प्रश्न येतो, "ओरिजिनल चाहिये के चालू?" प्रामाणिक प्रश्न आहे, पण उत्तर 'ओरिजिनल' दिलं म्हणून ओरिजिनल मिळेल असं नाही. काकांच्या अँपमधला उडालेला ३०५५ मी हॅक्सॉने कापून बघितला. आतली सिलिकॉनची चिप जेमतेम दीड मिलिमीटरची. खऱ्याची बाजू याच्या दुपटीहून मोठी असते. म्हणून नवे आणले की मी घरी गाडीच्या हेडलाइटवर तपासतो. १२ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब, बेसला २७ ओहम दहा वॉटचा रेझिस्टर. बल्बातून चार-साडेचार अँपिअर जातात. बल्ब पूर्ण पेटला पाहिजे आणि कलेक्टर-एमिटरमध्ये व्होल्टभराच्या आसपासच उरायला हवा. नकली इथे लगेच उघडा पडतो, बल्ब मंद आणि ट्रान्झिस्टर चटका देणारा. ही चाचणी काही सेकंदांत उरकायची, हीटसिंक नसतो.

नवी जोडी मायकाचे नवे वॉशर आणि पातळ पेस्ट लावून बसवली. पेस्ट जास्त थापली की उष्णता वाहण्याऐवजी अडते, पण आपल्याकडे ती श्रीखंडासारखी फासण्याची पद्धत आहे. स्क्रूंना बुश, मग मीटरने खात्री की डबा आणि हीटसिंक यांच्यात कंटिन्यूटी नाही. स्पीकर बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी ८ ओहमचा जाडजूड वायरवाउंड रेझिस्टर लावला.

सिरीज लॅम्पवर सप्लाय ४४ व्होल्ट आला. मधला बिंदू २२ला हवा, तो होता २९वर. असा अँप वाजतो, पण सिग्नलचा वरचा अर्धा भाग लवकर छाटला जातो आणि जोरात वाजवल्यावर आवाज फाटतो. इनपुट ट्रान्झिस्टरच्या बेसला सप्लाय निम्मा करणारे दोन रेझिस्टर असतात, १०० किलोओहमचे. खालचा जागेवरच १६०च्या वर दाखवत होता. सर्किटमध्ये असलेला रेझिस्टर लिहिलेल्यापेक्षा कमी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नये, आजूबाजूच्या वाटा मोजल्या जातात. पण जास्त दाखवला, आणि कंडेन्सर रिकामे असतील, तर तो नक्की गेलेला. एक पाय सोडवून मोजला तर १८०. जुने कार्बनचे रेझिस्टर वयानुसार असे वर चढतात. दोन्ही मेटल फिल्मचे घातले आणि मधला बिंदू २२च्या जवळ येऊन बसला.

डायोड भोकात घालण्याआधी एक प्रयोग करून पाहायचा मोह आवरला नाही. डायोड तसेच हवेत ठेवून बायस ठरवणारा प्रीसेट फिरवला आणि ०.४७ ओहमच्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट आणले, म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. मग केस वाळवायचा ड्रायर हीटसिंकवर धरला. दहाचे पंधरा, पंधराचे पंचवीस, आणि ड्रायर बाजूला घेईपर्यंत आकडा चाळिशीच्या पुढे. सगळं थंड होऊ दिलं, डायोड नवी पेस्ट लावून भोकात बसवले, वरून पत्र्याची छोटी पट्टी स्क्रूने दाबली, म्हणजे पुढच्या कारागिराला ती चुकूनही वगळता येऊ नये. बायस परत दहावर आणला. तोच ड्रायर, तेवढाच वेळ. आकडा आठ ते बाराच्या मध्ये खेळत राहिला. बायस पार शून्यावर नेला तर ट्रान्झिस्टर आणखी सुरक्षित होतो, आणि काही जण तसं करूनही देतात. पण मग हळू वाजवलेल्या सुरांच्या कडा खरबरीत येतात. गिटारवर सूर विरत जाताना ते लगेच कळतं.

सिरीज लॅम्प काढून थेट मेनवर लावला, तेव्हा नवीन उपद्व्याप सुरू झाला. इनपुटला काही नाही, तरी हीटसिंक कोमट. आउटपुटचा ८ ओहमचा रेझिस्टरही गरम! डीसी तर कंडेन्सर अडवतो. म्हणजे आउटपुटवर काहीतरी आहे, कानाला न ऐकू येणारं. शेजारी मीडियम वेव्हचा रेडिओ लावला. आकाशवाणीच्या जागी भुर्रर्र, अँप बंद केला की गायब. ऑसिलोस्कोप जोडल्यावर तो भुर्रर्र डोळ्यांनाही दिसला.

याची उत्पत्तीही त्या लाल पेनच्या थरात होती. १९६०-७०च्या दशकांतले ३०५५ जुन्या पद्धतीने बनायचे, संथ असायचे. त्यांची धाव सुमारे ८०० किलोहर्ट्‌झपर्यंत. पुढे त्याच नंबरखाली वेगळ्या पद्धतीने बनवलेले येऊ लागले, ते तिप्पट चपळ. नंबर तोच, डबा तोच, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण संथ ट्रान्झिस्टर गृहीत धरून आखलेल्या सर्किटमध्ये चपळ बसवला की ते स्वतःशीच शिट्टी वाजवू लागतं. आउटपुटला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी असते ती हे आवरायला. इथला १० ओहम जळून काळा ठिक्कर झालेला होता. म्हणजे ही शिट्टी याआधीही वाजलेली. नवा रेझिस्टर दोन वॉटचा घातला, कंडेन्सर बदलला, आणि ड्रायव्हरच्या आधीच्या ट्रान्झिस्टरच्या बेस-कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक टाकला. मूळ सर्किटमध्ये तोवर मी टाकलेली ही एकच भर. रेडिओवर परत बातम्या ऐकू येऊ लागल्या.

उरलेलं काम तसं सरळ. घरघर होती, आणि ती कुठून येते हे गिटारवाल्याला सुरावरून सांगता येतं. मेन ५० हर्ट्‌झचा, एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजनंतर तो १०० होतो. गिटारच्या सर्वात जाड तारेचा तिसरा पडदा, जी, ९८ हर्ट्‌झचा. घरघर त्याच्या किंचित वर लागली तर फिल्टर कंडेन्सर सुकलेला. एक सप्तक खाली लागली तर इनपुटची शील्ड किंवा अर्थिंग बघायचं. इथे वरची लागली. मोठा फिल्टर कंडेन्सर बदलला. 'जुना अँप आहे तर सगळेच कंडेन्सर काढून टाका' हा सल्ला मला पटत नाही. इलेक्ट्रोलिटिक सुकतात, ते मोजून बदलावेत. पॉलिस्टर आणि सिरॅमिकचे चाळीस वर्षांनंतरही ठणठणीत असतात, आणि प्रत्येक अनावश्यक सोल्डरिंगमध्ये असा जुना ट्रॅक उचलला जायची भीती असते. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबमागचा फिरता रेझिस्टर, क्लीनर मारूनही खरखरतच राहिला. स्वच्छ पॉट खरखरतो तेव्हा त्यावर डीसी येत असतो. त्याच्या आधीचा १० मायक्रोफॅरडचा गळत होता.

ट्रेमोलोची रचना गमतीची निघाली. काळ्या नळीत एका टोकाला छोटा दिवा, दुसऱ्या टोकाला एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर, आणि दिव्याची उघडझाप करणारा ऑसिलेटर. दिवा गेला होता. एलईडी लावून पाहिला, पण तो झटक्यात पेटतो आणि झटक्यात विझतो, त्यामुळे आवाज तुकडे पाडल्यासारखा येत होता. तारेचा दिवा तापायला आणि निवायला वेळ घेतो, तीच ट्रेमोलोची लाट. जुन्या रेडिओच्या डायलमागचा सहा व्होल्टचा दिवा जपून ठेवलेला होता, तो तिथे लागला.

ट्रान्झिस्टरचा अँप म्हणजे दुय्यम, खरा अँप व्हॉल्व्हचा, असं गिटारवाल्यांत सर्रास मानलं जातं. १९७५ साली आलेल्या रोलँडच्या जेसी-१२०ला हे कोणी सांगितलं नसावं, आणि बी. बी. किंगलाही नाही, तो लॅब सिरीजच्या एल५वर वाजवायचा, त्यातही व्हॉल्व्ह नव्हते. काकांचा अँप त्या पंगतीतला नाही हे मान्य. पण स्वच्छ सुराला तो छान उघडा वाजतो, आणि आउटपुट मोजलं तेव्हा ८ ओहममध्ये फाटण्याआधी २५ वॉट देत होता.

स्पीकरच्या कोनची कड एका ठिकाणी फाटली होती, तिथे टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल. सगळ्यात शेवटी आउटपुटचा तो २२००चा कंडेन्सर मोजला, तर उरला होता १८०. नवा घातला. काका आले, गिटार लावली, दोन-तीन जुन्या गाण्यांचे तुकडे वाजवले, आणि थांबले.

"अरे, हा माझा आवाज नाही."

मी विचारलं, "काय कमी वाटतंय, काका?"

"कमी नाही रे, जास्त आहे. खालचा बास कुठून आला हा एवढा? आमच्याकडे बास गिटारवाला वेगळा असायचा, माझा सूर कसा वर सुट्टा असायचा."

मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. ८ ओहमला २२०० मायक्रोफॅरड असतील तर खालची कड ९ हर्ट्‌झपर्यंत जाते, १८० असतील तर ११०लाच बास गळायला लागतो. जाड तारेचा मोकळा सूर ८२चा. म्हणजे कंडेन्सर सुकत गेला तसतसा त्यांचा आवाज सडसडीत होत गेला, आणि त्यांनी तोच आपला मानला. हिशेब त्यांना पटला. मागणी बदलली नाही. "मग तो जुनाच लाव परत."

सुकलेला कंडेन्सर परत लावणं काही शक्य नव्हतं. तो तापतो आणि कधीतरी फुगून फुटतो. प्रीअँपमध्ये, म्हणजे आउटपुटच्या आधीच्या भागात, सिग्नल पुढे नेणाऱ्या एका कपलिंग कंडेन्सरच्या जागी दोन केले, मूळचा आणि एक बराच लहान, आणि निवडायला मागच्या बाजूला टॉगल स्विच. लहानावर ठेवलं की बास ११०च्या आसपास उतरायला लागतो. सर्किटचा कागद, मोजलेल्या व्होल्टेजसकट आणि 'डायोड हीटसिंकच्या भोकातच हवेत' या ओळीसकट, पेटीच्या आत चिकटवून दिला. काकांनी स्विच लहानावर टाकला आणि पट्टीवर स्केच पेनने 'माझा' असं लिहून घेतलं. दुसऱ्या बाजूला काय लिहू, विचारलं तर म्हणाले, "तुझा लिही."